चमत्काराचा ताळेबंद

चाळिशी ओलांडलेल्या, बीकॉम झालेल्या आणि बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी येऊन काय पाहावे, याबद्दल समाजाचे काही संकेत आहेत. त्याने बातम्या पाहाव्यात, क्रिकेट पाहावे, फार तर सौभाग्यवतींच्या शेजारी बसून मालिकेतल्या सासूकडे डोळे वटारावेत. कार्टून मात्र पाहू नये. पाहायचेच झाले, तर मांडीवर एखादे लहान मूल साक्षीदार म्हणून घेऊन बसावे. मी तसे करत नाही. मी कार्टून उघडपणे, चहा घेत, आणि चिरंजीव शिकवणीला गेलेले असतानाही पाहतो. राक्षस, उडते घोडे, बोलती जनावरे, जिवंत होणारे बाहुले, पडद्यावर जे जे म्हणून खोटे आहे ते ते मला आवडते. खऱ्याचा रतीब बँकेत दिवसभर चालूच असतो.

त्यातून मी राहतो माजरीला. माजरी म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातली कोळशाची वस्ती आणि रेल्वेचे जंक्शन. पुण्याकडच्या नातेवाइकांना ती नेहमी 'मांजरी' अशीच ऐकू येते. 'आमच्यात अनुस्वार नाही हो,' असे सांगून सांगून माझा घसा बसला. पण डोरेमॉन नावाचे निळे यांत्रिक मांजर घराघरांत शिरल्यापासून मी तो आग्रह सोडला आहे. कार्टून पाहणारा माणूस मांजरीचाच असणार, दुसऱ्या कुठल्या गावचा असणार?

बातमी बँकेत फुटायला वेळ लागला नाही. पासबुक भरून घ्यायला आलेले एक आजोबा खिडकीतून आत डोकावून म्हणाले, "काहून जी साहेब, तुमी बी कार्टून पायता म्हंते?" मी म्हणालो, "पाहतो." त्यांनी पासबुक उचलले आणि त्यातली शिल्लक दोनदा तपासून पाहिली.

तेव्हा या विषयावर एकदा तोंड उघडणे भाग आहे. माझ्यासमोर दोन पक्ष उभे आहेत आणि मला दोघांशीही भांडायचे आहे.

पहिला पक्ष ज्ञानवाद्यांचा. 'हे सगळे थोतांड आहे, मुलांना काहीतरी माहितीपूर्ण दाखवा,' हे यांचे म्हणणे. यांना परी दिसली की तिच्या पंखांचे क्षेत्रफळ काढावेसे वाटते. लहानपणी कोल्ह्याने द्राक्षांना आंबट म्हटले तेव्हा यांच्यापैकी एकानेही 'कोल्हा बोलत नसतो' असा आक्षेप घेतला नव्हता. आता मात्र पडद्यावरचा उंदीर बोलला की यांची शास्त्रीय दृष्टी जागी होते. दुसरा पक्ष 'असू द्या हो'वाल्यांचा. 'कार्टून तर आहे, त्यात काय डोके लावायचे? पोरे हसतात, गप्प बसतात, चार घास जास्त जेवतात.' यांच्या लेखी अद्भुत म्हणजे भाताबरोबर लावायचे तोंडीलावणे. पहिल्या पक्षाला कल्पनेची गोडी कळत नाही. दुसऱ्याला तिची किंमत कळत नाही.

किंमत हा शब्द मी जपून वापरला आहे. वाणिज्य शाखेने मला आयुष्यात एकच सत्य दिले, ते म्हणजे द्विनोंदी पद्धत. एका बाजूला नावे पडले की दुसऱ्या बाजूला जमा पडलेच पाहिजे. सामान्य लोकांना वाटते, दिवसअखेर तिजोरीत पैसे कमी निघाले की कारकून घाबरतो. अहो, जास्त निघाले तरी तो तेवढाच घाबरतो! कारण ते कुणाचे, कुठून आले, कशाबद्दल आले याची नोंद नसते. माझे सारे तत्त्वज्ञान एवढेच आहे की चमत्कारालाही हा नियम लागू करावा. गोष्टीत डोंगर उचला, समुद्र प्या, हत्तीला पंख लावा. माझी हरकत नाही. पण त्या बदल्यात कुणीतरी काहीतरी मोजलेले दिसू द्या. घाम, भीती, ताटातूट, काहीच नाही तर निदान एखादी अट. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीवसुद्धा सात समुद्रांपलीकडच्या पोपटात तारण ठेवलेला असे. फुकटचा चमत्कार म्हणजे नोंद नसलेली रोकड. ती पाहून मला आनंद होत नाही, घाम फुटतो.

आता आरोपपत्र. आरोपी क्रमांक एक, छोटा भीम. हा हैदराबादच्या कंपनीत जन्मलेला ढोलकपूरचा पोरगा २००८ साली पडद्यावर आला. माझा त्याच्यावर वैयक्तिक आकस नाही. देशी आहे, धोतर नेसतो, मित्रांच्या हाकेला धावतो. माझा आक्षेप त्याच्या लाडवाला आहे. संकट आले, लाडू खाल्ला, दंड फुगले, शत्रू आडवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा संकट, पुन्हा लाडू. त्या टुनटुन मावशीचे खाते एकदा तरी कुणी तपासले आहे का? बेसन कुठून येते, तुपाचे पैसे कोण देते, एका लाडवाला किती राक्षस असा काही दर आहे का? आरोपी क्रमांक दोन, २०१२ पासूनचे मोटू आणि पतलू. तिथे लाडवाच्या जागी समोसा आला, एवढाच फरक. म्हणजे डॉक्टर आम्हा चाळिशीच्या लोकांना ज्या दोन पदार्थांपासून दूर राहायला सांगतात, त्या दोन पदार्थांवर या देशाचे बालशौर्य उभे आहे.

मूळचा भीम असा नव्हता. महाभारतातला बकासुराचा प्रसंग आठवा. एकचक्रा नगरीत पांडव एका ब्राह्मणाच्या घरी आसऱ्याला आहेत. रोज एका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस राक्षसाकडे पाठवायचा, आणि पाळी त्याच घरावर येते. आसऱ्याचे ऋण फेडायचे म्हणून कुंती स्वतःचा मुलगा पाठवते. भीमही तिथे पोटभर जेवतोच, पण बकासुराच्या देखत, आणि बिल समोर दात खात उभे आहे. खाणे इकडे, देणे तिकडे. व्यासांना द्विनोंदी पद्धत कुणी शिकवली ते ठाऊक नाही, पण त्यांची तेरीज जुळते. आमच्या ढोलकपूरच्या भीमाची जुळत नाही.

आरोपी क्रमांक तीन परदेशी आहेत. त्या 'ॲव्हेंजर्स'वाल्यांनी २०१८ साली चुटकीसरशी निम्मे विश्व नाहीसे केले आणि २०१९ साली परत आणले. आमच्यात याला उलट नोंद म्हणतात, आणि ती करायला वरिष्ठांची सही लागते. त्यातल्या एकाने शेवटी स्वतःचा जीव दिला, म्हणून मी त्यांना निम्मी शिक्षा माफ करतो. मुद्दल माफ झाले तरी कुणीतरी व्याज भरले.

मी नुसता फिर्यादी नाही. ज्यांचे हिशेब चोख आहेत त्यांच्या बाजूने साक्ष द्यायलाही मी उभा आहे. पहिला आमचा डोरेमॉन. पालकसभेत त्याचे नाव काढले की आया कपाळाला हात लावतात. पोरे आळशी झाली, हिंदी बोलायला लागली. (हे दुखणे आपल्याकडचेच नव्हे. पोरे हिंदी बोलायला लागली म्हणून २०१३ साली बांगलादेशाने डोरेमॉनच्या हिंदी प्रक्षेपणावर बंदी घातली होती.) पण गोष्ट नीट पाहा. नोबिता रडत येतो, मांजर पोटाच्या खिशातून यंत्र काढून देते, नोबिता त्याचा हावरटपणाने वापर करतो, आणि भाग संपायच्या आत ते यंत्र त्याच्याच अंगावर उलटते. दर वेळी! हप्ता चुकवला की दंडव्याज लागणारच, हे बँकेच्या माहितीपत्रकापेक्षा त्या मांजराने आमच्या पोरांना जास्त चांगले समजावले आहे.

दुसरा साक्षीदार मराठी आहे. महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला'. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो तात्या विंचू आठवून आजही कैक थोर माणसे पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपत नाहीत. तो भीतीदायक का? चाकूमुळे नव्हे, अटीमुळे. मंत्राने जीव बाहुल्यात शिरला खरा, पण पुन्हा माणूस व्हायचे तर ज्याला पहिल्यांदा आपले गुपित सांगितले त्याच्याच देहात शिरायचे. कल्पना अमेरिकेतल्या बाहुल्याकडून उसनी आणलेली असेल, पण कर्जाच्या अटींसकट आणली. म्हणून लक्ष्या पळत सुटला की आपणही खुर्चीत पळतो. अट नसती तर बाहुल्याला काय, कुणीही चालला असता.

तिसरी साक्ष विजया मुळे यांच्या 'एक अनेक और एकता' या १९७४ च्या छोट्या कार्टूनपटाची. भीमसेन यांनी चितारलेला हा चित्रपट दूरदर्शनने इतक्या वेळा दाखवला की माझ्या पिढीला तो मुंजीतल्या मंत्रासारखा पाठ आहे. पक्षी जाळ्यात अडकतात. लाडू येत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी पंख मारले तर जाळे उचलले जाते. आणि उडाले तरी जाळे तसेच! ते कुरतडायला उंदरांकडे जावे लागते. सातेक मिनिटांत चमत्कार, मेहनत आणि मित्रांचे उपकार, तिन्ही रकाने भरलेले. यापुढे माझ्यासारख्या हिशेबनिसाने फक्त सही करायची.

आणि ही आपली जुनी चाल आहे. भारतात पडद्यावरच्या चमत्काराची सुरुवात ज्या दादासाहेब फाळक्यांनी केली, त्यांचा हिशेब पाहा. १९१२ साली आयुष्याच्या विम्यावर पैसे उभे करून ते विलायतेला गेले, कॅमेरा घेऊन आले. आता चित्रपटाला पैसा हवा. तारण काय द्यायचे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी चित्रे घेत त्याचे रोप होईपर्यंत कॅमेऱ्यासमोर ठेवला. मग लोकांना दाखवले, की बघा, दाणा डोळ्यांदेखत उगवतो, वाढतो, वेल होतो. पाहणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पैसा उभा राहिला. आमच्या धंद्यात अर्जदाराला आम्ही वाटाण्याच्या अक्षता लावतो. या माणसाने वाटाण्यावर कर्ज काढले! उरलेल्या तारणात सरस्वतीबाईंचे दागिने होते. मिनिटाभराचा चमत्कार, पण त्याच्या नावे कितीतरी दिवसांची चिकाटी आणि घरातले सोने पडलेले आहे.

मग ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये झळकला तो चित्रपट कोणता? 'राजा हरिश्चंद्र'. म्हणजे दक्षिणेचे देणे फेडण्यासाठी राज्य, बायको, मुलगा आणि शेवटी स्वतःला विकणाऱ्या माणसाची गोष्ट. देव प्रकटतो तो सगळे हप्ते फिटल्यावर, एक दिवस आधी नाही. या देशाचा पहिला कथापट कर्जफेडीवर आहे, ही गोष्ट प्रत्येक बँकेच्या दारावर फ्रेम करून लावायला हवी.

'प्रभात'चा १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या. मुंबईत तो वर्षाहून अधिक चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार भरपूर आहेत, शेवटी तर विमानच येते. पण माझ्या मते त्या चित्रपटाचा खरा आधार म्हणजे जिजाई. नवरा विठ्ठलात रंगला की पोरांच्या पोटाचे काय, हा प्रश्न ती ठणकावून विचारते. दर चमत्काराच्या शेजारी दामले-फत्तेलालांनी ही घरची लेखापरीक्षक उभी केली आहे. विमान वैकुंठाला गेले, जिजाई खाली राहिली. म्हणूनच ते विमान खरे वाटते.

एवढे मी तावातावाने का बोलतो? कारण आम्ही माजरीचे लोक फुकटच्या चमत्काराच्या अगदी शेजारी राहतो आणि फुकट काहीच नसते हे रोज पाहतो.

आमच्याकडे वाघिणी दोन प्रकारच्या आहेत. एक रुळांवरच्या, त्यांत कोळसा भरतात. दुसऱ्या झुडपांतल्या, त्या दिसल्याची बातमी आली की सायकलवाल्यांची पाळी बदलते. कार्टूनमधला वाघ एक तर मूर्ख असतो नाही तर मांजरमावशीचा लाडका भाचा. आमच्या जिल्ह्यात मोह आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या बाया परत येत नाहीत, अशी बातमी उन्हाळ्यात वारंवार येते. आमच्या पोरांना वाघ दोन्हीकडे भेटतो, पडद्यावर टाळ्या पिटत आणि वर्तमानपत्रात रक्ताने माखलेला. या दोन्हींना जोडणारी एक गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही.

आणि गोष्ट तर घरातच पडलेली! ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. जगभरचे लोक जिप्सीतून फिरतात. पण ताडोबा म्हणजे कोण, विचारा. तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांचा देव झाला, अशी कथा आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. माणूस नावे, देव जमा. वाघही तिथेच, देवही तिथेच, दोघांपैकी कुणीच खोटा नाही. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली यायचा. लिहिलेला इंग्रजाने, चितारलेला जपान्यांनी, आणि राहणारा नागपूरच्या वरच्या सिवनीच्या जंगलात! तिथून आमचे जंगल किती लांब? पण तारूला चितारायला अजून कुणी जपानी आला नाही, आणि मराठी माणूस जपान्याची वाट पाहत बसला आहे.

डायनासोरचेही तेच. 'जुरासिक पार्क' हिंदीत आला तेव्हा आम्ही दाटीवाटीने बसून पाहिला. कुणी आम्हाला सांगितले नाही, की गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनासोरचे जीवाश्म आहेत. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, १९६० च्या आसपास एका अवाढव्य प्राण्याची हाडे निघाली. १९७५ साली त्याचे नाव ठेवले बारापासॉरस. बारा पायांचा नव्हे हो. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, संशोधक कोलकात्याचे होते म्हणून. टागोरांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून पुढे 'टागोराय' असे शेपूटही जोडले. त्या अमेरिकी चित्रपटातला मुख्य खलनायक जुरासिक काळातला नाहीच, तो कितीतरी नंतरचा. अस्सल जुरासिक आमचा. पण आमच्या पोरांना त्या परक्याची डरकाळी तोंडपाठ, आणि घरच्याचे नाव घेताना जीभ अडखळते.

राहिला कोळसा. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी झाडे चिखलात गाडली गेली, दबली, काळी झाली. त्या काळच्या महाखंडाला जगभरचे भूवैज्ञानिक गोंडवन म्हणतात, आमच्या गोंडांच्या मुलखावरून. ते जंगल आज माजरीच्या खाणीतून निघते आणि वाघिणीत बसून वीज केंद्रांकडे जाते. शेजारी चंद्रपूरचे केंद्रच २९२० मेगावॅटचे आहे. तिथे ते जळते, तारेतून धावते आणि टीव्हीत शिरते, तेव्हा कुठे भीमाला लाडू खाता येतो. म्हणजे लाडवाची जमा बाजू आहे! ती ढोलकपुरात नाही, आमच्या तिसऱ्या पाळीत आहे.

खाणीत डंपर चालवणारा एक खातेदार रात्रपाळी करून सकाळी थेट बँकेत आला. डोळ्यांच्या कडा काळ्या, हात धुतलेले पण धुतल्यासारखे न दिसणारे. पैसे मोजता मोजता म्हणाला, "साहेब, माहा पोट्टा मले इचारते, बाबा, तुमी रोज थकूनच काहून येता? भीम त थकत नाही. आता मी त्याले काय सांगू?"

ज्ञानवाद्यांनो, या प्रश्नाला तुमचा माहितीपट उत्तर देणार नाही. 'असू द्या हो'वाल्यांनो, हे असू देण्यासारखे नाही. ज्या पोराच्या बापाचा घाम त्या पडद्याला उजेड देतो, त्या पोराला पडदा शिकवतो की घाम हे कमी ताकदीचे लक्षण आहे. फुकटच्या चमत्काराने कुणाचे वाटोळे होत नाही, असे म्हणतात. होते. थकलेल्या बापाची किंमत होते.

माझी मागणी कार्टून बंद करा अशी मुळीच नाही. उलट, आणखी काढा. जास्त भव्य, जास्त खोटी काढा. एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात म्हणे. प्रत्येक चौकटीमागे वाकून बसलेल्या माणसाला कष्ट म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ते कष्ट थोडे गोष्टीतही उतरू द्या. भीमाला एखाद्या दिवशी लाडू न मिळू दे. मिळाला तर दोन दिवस अंग दुखू दे. तारूची गोष्ट काढा, बारापासॉरसला मराठी बोलायला लावा, खाणीखालचे जंगल हलताना दाखवा. प्रेक्षकांची काळजी नको. धानाची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीतले लोक थंडीत घोंगडी पांघरून तिकिटे काढतात आणि पहाटेपर्यंत नाटक पाहतात. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खोट्याला खरी किंमत देणारी इतकी माणसे दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत.

असे काही करायला कुणी निघालाच, तर त्याने जरूर माझ्या खिडकीशी यावे. कर्ज मंजूर करणे माझ्या हातात नाही, माझ्या हातात फक्त अर्जाचा नमुना आहे. पण तारण म्हणून त्याने कुंडीत लावलेला एक वाटाणा आणला, तर मी तो फाइलला जोडीन, वर शिक्का मारीन आणि त्याला रोज पाणी घालीन. अक्षता मात्र लावणार नाही.